पडद्याबाहेरचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची नव्हे, सरबताची तर नव्हेच नव्हे. माणसाच्या छातीत नको त्या जागी हवा साठली की ती बाहेर काढणारी बाटली मी. नाकं मुरडू नका. तुमच्या घरातल्या शोकेसमधल्या बाटल्यांनी आजवर एकाचा तरी जीव धरून ठेवलाय का? मी धरलाय. पुष्कळांचा धरला. एकाचा सुटला. तो कसा सुटला, तेच सांगायचं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी आत्ताच उठावं.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीतून निघाले तेव्हा लालभडक होते, कुणाची हात लावायची हिंमत नव्हती. थंड झाल्यावर माझ्या अंगावर मापाच्या रेघा आणि आकडे उमटवले. पेंढ्यात गुंडाळून मला ट्रकात घातलं, आणि मी उतरले ती उत्तर गोव्यातल्या एका इस्पितळात. नाव सांगणार नाही. नाव सांगून गेलेलं माणूस परत येत नाही.

माझं काम ऐका. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस पडतो, बरगडी मोडते, तिचं टोक फुप्फुसाला लागतं. मग फुप्फुसातली हवा बाहेर, छातीच्या पोकळीत साठते आणि फुप्फुसाला दाबते. फुगा आकसावा तसं ते आकसतं. माणसाला श्वास पुरत नाही. मग डॉक्टर दोन बरगड्यांमधून एक नळी आत घालतात. नळीचं दुसरं टोक माझ्या पोटात, पाण्याखाली बुडवलेलं. साठलेली हवा नळीतून येते, माझ्या पाण्यात बुडबुडा होते आणि निघून जाते. तिला परत आत जाता येत नाही, कारण मध्ये माझं पाणी आहे. एवढंच माझं काम. एवढंच म्हणजे केवढं, ते खाटेवरच्या माणसाला विचारा.

मला नेहमी खाटेखाली जमिनीवर ठेवत. छातीपेक्षा खालीच राहावं लागतं, नाहीतर माझ्यातलं पाणी उलटं छातीत जाईल. पायाशी बसायचे म्हणून माझा मान कमी नव्हता. डॉक्टर वॉर्डात आले की आधी वाकून मला बघत, मग पेशंटकडे. थोरल्या परिचारिका नव्या मुलींना दाखवत, "बघा, बुडबुडे येतात म्हणजे अजून हवा गळते. बुडबुडे थांबले, नळीतलं पाणी श्वासाबरोबर थोडंच हलायला लागलं, म्हणजे फुप्फुस भरत आलं." माझी साक्ष असल्याशिवाय कुणाची नळी निघत नसे. छातीचे एक्स-रे फोटो नंतर काढायचे, आधी मी.

मग प्लास्टिकचे डबे आले. हलके, कप्प्याकप्प्यांचे, एकदा वापरले की फेकायचे. मला ड्रेसिंगच्या खोलीतल्या कपाटावर चढवलं. तिथे मी वर्षं काढली. अंगावर धूळ, शेजारी मोडकं वजनाचं यंत्र. कुणी वर बघायचं नाही. मीही कुणाला हाक मारली नाही. माझा तो स्वभाव नाही.

या वर्षी एप्रिलात डबे संपले आणि नवे यायला उशीर झाला. तेव्हा देवकीने मला खाली उतरवलं.

देवकी म्हणजे आमच्या वॉर्डातली परिचारिका. नार्वे गावची. रोज स्कूटरवरून यायची, हेल्मेट ठेवलं की आधी हात धुवायची, मग माणसांशी बोलायची. मला उकळून स्वच्छ केलं, पाणी भरलं, पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली. म्हणाली, "चल गो म्हातारे, तुझी गरज पडली." मला राग आला नाही. बाकी कुणी म्हातारी म्हटलं असतं तर तडकले असते.

पेशंट होता गोकुळदास, इब्रामपूरचा. वय साठीच्या अलीकडे. काजूचा हंगाम होता. डोंगरावर बोंडू गोळा करताना सुक्या पाल्यावरून पाय सरकला आणि दगडावर आपटला. तीन बरगड्या मोडल्या. आणला तेव्हा ओठ जांभळे होते. नळी घातली आणि मी असे बुडबुडे काढले, असे काढले की खाटेवरचा तो म्हणाला, "सिस्टर, ही तुमची बाटली माझ्यापरास जास्त बडबडता!"

देवकी म्हणाली, "ती गप्प झाली की तुमका घरा सोडूया."

"मगे तिका सांगा, माझ्या आकाकडसून शीक म्हणून. आका गप्प करण्यात हुशार."

आका म्हणजे त्याची थोरली बहीण, चंद्रावती. ती खाटेशी स्टुलावर ताठ बसलेली असे. पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज असा की वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाचे पेशंट उठून बसायचे. आईबाप लवकर गेले, या भावाला तिने वाढवलं. सासरी लवकर विधवा झाली आणि परत येऊन भावाच्या घरात राहिली. राहिली कसली, घर चालवलं तिने. गोकुळदासची बायको सुमंगला बिचारी गरीब. वन्सं म्हणतील तिथे ती सही करायची.

"तेका गप्प करूक होया तर माका सांग," चंद्रावती देवकीला म्हणाली. "सात वर्सांचो आसल्यापासून मीच करतंय. फक्त गाराण्याक तेका कोण गप्प करू शकना नाय. आमच्या गावात गाराणां घातलां की पयलो आवाज हेचो. बाकीचे मागसून येतत, म्हशीसारखे."

गाऱ्हाणं तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल. देवापुढे एक माणूस नारळ घेऊन उभा राहतो आणि गावाचं, घराचं दुखणं मोठ्याने सांगतो. प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मान्य, देवा, आमचं सगळ्यांचं हेच मागणं आहे, असा त्याचा अर्थ. देवळात बायकांना गाऱ्हाणं घालू देत नाहीत. पण घरात, देवघरासमोर, चंद्रावतीच घालायची. आणि पन्नास वर्षं तिच्या गाऱ्हाण्याला पहिला व्हय गोकुळदासचा. भाताची मळणी असो, पोराची परीक्षा असो, गाय व्यायची असो. त्याला विचार करावा लागत नसे. तिचा आवाज चढला की याचं तोंड आपोआप उघडायचं.

हे मी नऊ दिवस ऐकत होते. देवकीही ऐकत होती. हसतही होती. पुढचं आमच्या दोघींच्या मनातही आलं नाही, मित्रांनो. शहाणी म्हणून मिरवणारी मी, माझ्याही.

पाचव्या दिवशी माझे बुडबुडे कमी झाले. सातव्या दिवशी थांबले. फोटोत फुप्फुस पूर्ण भरलेलं दिसलं. नवव्या दिवशी सकाळी नळी काढायचं ठरलं, आणि दोन दिवसांनी घरी. सुमंगलाने त्याचा धुतलेला शर्ट आणून खाटेच्या दांडीवर टांगला.

देवकीने काय काय केलं ते सांगते, कारण तिच्यावर कुणी बोट ठेवू नये. अर्धा तास आधी वेदनेचं औषध दिलं. ट्रे मांडला, टाके कापायची कात्री, पट्ट्या, आणि व्हॅसलिन लावलेलं जाड कापड. नळी निघाली की त्या छिद्रावर ते कापड क्षणात दाबायचं, हवा शिरायला फट राहू द्यायची नाही. मग ती गोकुळदासशेजारी बसली.

"नळी काढताना एकच काम तुमचं," ती म्हणाली. "मोठो श्वास घ्यायचो, तोंड बंद, आणि धरून ठेवायचो. जड पाटी डोक्यावर घेताना दम कोंडतात तसो. मी तीन म्हणीपर्यंत सोडायचो नाय. सोडलो की बाहेरची हवा आत शिरतली. समाजलां?"

"समाजलां. माका पाटयो उचलूक शिकवू नका."

तीन वेळा सराव करून घेतला. तिन्ही वेळा त्याने नीट केलं. तिसऱ्या वेळी गाल फुगवून डोळे मोठे केले आणि सुमंगलाला हसवलं.

मग डॉक्टर आले. तरुण होते, शस्त्रक्रियेच्या खोलीतून दोनदा बोलावणं आलेलं. देवकीने नणंद-भावजयांना सांगितलं, "तुमी बाहेर रावा." आणि पडदा ओढला.

एवढंच सांगितलं. बाहेर थांबा. का थांबा, बाहेर काय करू नका, ते नाही सांगितलं. कुणी सांगतं का? कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

पडद्याबाहेर चंद्रावतीने पिशवीतून नारळ काढला. ती घरातून तो घेऊनच आली होती. भावाच्या अंगातून बोटाएवढी जाड नळी निघणार, आणि ती नुसती भिंतीला टेकून उभी राहणार? ती तशी बाई नव्हती. पडद्याखालून मला तिचे पाय दिसत होते. चपला काढून ठेवल्या होत्या.

आत डॉक्टरांनी टाका कापला. देवकी म्हणाली, "श्वास घ्या. धरा. एक."

आणि बाहेरून तो आवाज चढला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराच्या छातीतली नळी भायर येता. जी काय चूकभूल घडली आसात ती पोटात घाल, आनी तेका आपल्या पायांनी चालत घरा आण रे म्हाराजा!"

"दोन," देवकी म्हणाली. नळी अर्धी बाहेर आली होती.

आणि गोकुळदासने छातीतला सगळा श्वास सोडून, खणखणीत आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" आणि मग बोलून रिकाम्या झालेल्या छातीने घ्यायचा तसा मोठा श्वास आत ओढला.

सूं असा आवाज आला. बारीक. सायकलच्या चाकातून येतो तेवढाच. तो नळीच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचा होता. आयुष्यभर मी हवेला ज्या वाटेने परत जाऊ दिलं नाही, त्या वाटेने ती माझ्यासमोर आत गेली. मी जमिनीवर बसून बघत राहिले. बाटली काय करणार?

देवकीने कापड दाबलं. तिचा हात चुकला नाही, मी बघितलं. पण ते दाबेपर्यंत जायचं ते गेलं होतं.

गोकुळदास हसला. "चुकून तोंडातसून गेला. सवय." बाहेर चंद्रावती सुमंगलाला म्हणाली, "ऐकलंस? कसो दणकट व्हय दिलो माझ्या भावान! देवान ऐकल्यान समज."

देवकीने डॉक्टरांना सांगितलं, फोटो लगेच हवा. ती पंधरा-पंधरा मिनिटांनी येऊन त्याचे श्वास मोजत होती. दुपारी तिने त्याच्या मानेखाली बोट दाबलं आणि तिचा चेहरा उतरला. कातडीखाली पोह्यांसारखं कुरकुरत होतं. हवा तिथवर पोचली होती. फोटोत फुप्फुस पुन्हा आकसलेलं. पुन्हा नळी. दुसऱ्या छिद्रातून. तेवढ्यात नवे डबे आले होते, म्हणून ही नळी माझ्यात नाही, डब्यात बुडवली. मला धुऊन जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर वाळत ठेवलं. तिथून मी सगळं बघितलं.

दुसरी नळी घातल्यापासून चौथ्या दिवशी ताप चढला. नळीतून पू यायला लागला. औषधं बदलली, डॉक्टर रोज तीनदा येत. देवकी तिच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा आली. त्याला बोलायला दम राहिला नव्हता. चंद्रावती त्याच्या कपाळावर हात ठेवून बसायची, आणि तो नुसता डोळे हलवायचा. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. दांडीवर टांगलेला शर्ट सुमंगलाने घडी करून पिशवीत घातला.

देवकीने कागदावर लिहिलं, 'नळी काढताना रुग्णाने श्वास सोडला.' खरंच लिहिलं. पण अर्धं. का सोडला, ते लिहिलं नाही, त्या दोघींना सांगितलंही नाही. मला वाटलं, बरं केलंस पोरी. सांगून काय होणार होतं?

माझी ही दुसरी चूक. ऐका.

जून उजाडता उजाडता चंद्रावती वॉर्डात आली. एकटीच. इब्रामपूरहून दोन बस बदलून. हातात मानकुराद आंब्यांची पिशवी, देवकीसाठी. थोडी वाकली होती, पण आवाज तोच.

"घे गो बाय. झाडावर पिकलेले आसत, औषध मारलेले नाय." मग ती ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात टेकली. "तू माझ्या भावाची लय सेवा केलंस. गेलो तो. पण एक सांगतंय तुका. माणूस बोलूचो बंद झालो, त्याच्या आदीं शेवटचा खणखणीत जा काय बोललो, ता माझ्या गाराण्याक. व्हय म्हणालो. तेवढा एक माझ्याकडे आसा बघ. दिवसभर तेच्यावर काढतंय."

देवकी पिशवी हातात धरून उभी राहिली. मला पुन्हा कपाटावर चढवलं होतं, तिथून मी दोघींकडे बघत होते.

त्या वेळी खोलीसमोरच्या खाटेवर महेश म्हणून एक माणूस होता. कोल्हापूरकडचा, इथे इमारतीच्या कामावर आलेला. परांचीवरून पडून बरगड्या मोडलेला. त्याचीही नळी, आणि त्या सकाळी तीही निघणार होती. त्याची बायको पूनम भेदरून उभी होती. इथे त्यांचं कुणी नव्हतं. चंद्रावतीने तिची विचारपूस केली, आणि पाच मिनिटांत दोघींचं जमलं.

"भिया नको गो," चंद्रावती म्हणाली. "मी आसंय मा. तुझ्या घोवासाठी मी गाराणां घालतंय."

"घाला की आत्या," पूनमचे डोळे भरले. "आमचं म्हणायला इथं कोन हाय?"

"पण मागसून व्हय म्हणूक होया. तू म्हण, तेनांय म्हणाक होया. ज्याचा गाराणा तेचोच आवाज पयलो."

खाटेवरून महेश हसत म्हणाला, "हे काय अवघड? व्हय म्हाराजा!" आणि पुन्हा, आणखी जोरात, "व्हय म्हाराजा!"

चंद्रावती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली असेल. आणि देवकीच्या हातातली पिशवी खाली पडली. आंबे खाटेखाली गडगडत गेले.

तिने चंद्रावतीचा दंड धरला आणि तिला खोलीत आणलं. दार लोटलं.

"मावशी, ते करू नका."

"कित्याक गो? देवाचा नाव घेऊक इस्पितळात बंदी आसा?"

"नळी काढताना पेशंटान श्वास धरूचो आसता. तोंड उघडूचा नसता. उघडला की हवा आत जाता, फुप्फुस..."

चंद्रावती हुशार बाई होती. तिला कुणी जोडून दाखवायची गरज नव्हती. मी तिच्या चेहऱ्यावर ते चढताना बघितलं. भट्टीत काचेवर रंग चढतो, तसं. फक्त उलटं. रंग उतरत गेला.

"माझो गोकू..." ती म्हणाली. "तो व्हय म्हणालो तेव्हां..."

"चूक माझी, मावशी. मी तुमका आदीं सांगूक होया होतां. मी फक्त बाहेर रावा म्हणालंय."

"तुझी चूक तू ठेव!" चंद्रावती ओरडली. मग आवाज एकदम पडला. "तेव्हां सांगलंस नाय. मगे आतां तरी कित्याक सांगलंस गो? माझ्याकडे तेवढा एकच होता."

देवकीने दाराकडे हात केला. बाहेर महेश पूनमला काहीतरी म्हणून हसवत होता.

चंद्रावतीने त्या आवाजाकडे कान दिला. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, बाहेर गेली आणि पूनमला म्हणाली, "गाराणा नाय. तोंडातसून अक्षर काढू नको. तेकाय सांग. देवाक मनातला ऐकू येता." पडदा ओढला तेव्हा ती बाहेरच उभी होती. पदराचा बोळा करून तोंडात धरला होता. देवकीने तीन मोजले. नळी निघाली. कापड दाबलं. सूं आवाज आला नाही. संध्याकाळच्या फोटोत महेशचं फुप्फुस पूर्ण भरलेलं होतं.

फोटो येईपर्यंत चंद्रावती थांबली नाही. पूनम तिच्या पाया पडायला वाकली तर ती मागे सरकली. "माझ्या पायाक हात लावू नको," म्हणाली, आणि भिंतीला धरून जिना उतरली.

पुढे सुमंगला कसल्याशा दाखल्यासाठी आली होती. देवकीने विचारलं. ती म्हणाली, "वन्सं आतां बोलनत नाय. जेवाण वाढलां की हातान खुणा करतत, पुरे म्हणून. देवघरासमोर बसतत, पण तोंड उघडनत नाय. मी विचारलंय तर माझ्याकडेच बघीत रवले. काय झालां सिस्टर तेंका?"

देवकीने तिला सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. त्याच दिवशी मला कपाटावरून काढून मोडीच्या खोक्यात टाकलं. आता खोक्यावर झाकण आहे, आणि बाहेरचं काही दिसत नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला काळजी घ्या म्हणणार नाही. चंद्रावतीने काय काळजी कमी घेतली होती? देवकीने कमी घेतली होती? तुम्ही कुणाच्या खाटेशी उभे राहाल तेव्हा तोंड उघडून विचारा, "मी काय करायचं नाही, तेवढं सांगा." आणि तुमच्या हातात कुणाचा जीव असेल तर त्याच्याशी बोलून झाल्यावर पडद्याबाहेर जा आणि त्याच्या माणसांशीही बोला. एक मिनिट लागतं. ते आमच्यापाशी होतं. आम्ही ते दिलं नाही, आणि आता सगळी वर्षं दिली तरी इब्रामपूरच्या त्या घरात कुणी बोलणार नाही.